दोन डाव्या बाह्या

बँकेतल्या साहेबाच्या नव्या कोटाला शिवणकाम करणाऱ्या टाचणीने तीन बाह्या लावल्या, ही बातमी सकाळी दहाला बटणवालीच्या दुकानातून निघाली. साडेदहाला ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली, तोवर बाह्या चार झाल्या होत्या आणि साहेबाला आरशासमोर भोवळ आली होती. कुणी म्हणे, बाई मशीनवर बसल्या बसल्या झोपली आणि मशीन आपलं चालतच राहिलं. कुणी म्हणे, घरात नवऱ्याशी बिनसलंय. उगीच कोण कशाला बाह्या वाढवेल?

खरं काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं कुणी नीट ऐकायचं नाही. बाह्या दोनच होत्या. फक्त दोन्ही डाव्या होत्या. साहेबाला भोवळ वगैरे काही आली नाही. त्याने उजवा हात आत घातला, बाही भलतीकडेच वळली, आणि तो एवढंच म्हणाला, "बाई, हा हात माझा नाही वाटतं."

टाचणी म्हणजे गल्लीच्या वळणावरची कपडे शिवणारी. तिचं खरं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण ते फक्त मतदार यादीला ठाऊक. तिच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असतात, म्हणून ती टाचणी. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला "हं" सोडून दुसरं काही म्हणता येत नाही, आणि तिच्या आयुष्यातले निम्मे करार या "हं"वरच झालेले आहेत. तिचा नवरा पोस्टमन. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा ती त्याच्याच गणवेशाच्या पँटची घडी टाचत होती. ती म्हणाली, "हं." तो होकार होता की "पाय हलवू नका" होतं, हे त्याला आठ वर्षांत कळलेलं नाही.

एकोणीस वर्षं ती शिवत होती, पण दोन डाव्या बाह्या तिच्या हातून कधी झाल्या नव्हत्या. कापड कमी होतं म्हणून तिने ते दुहेरी न दुमडता एकेरी पसरलं होतं. अशा वेळी एक बाही कापली की नमुन्याचा कागद उलटा करून दुसरी कापायची, हे शिकाऊ पोरीसुद्धा जाणतात. तिने कागद उलटला नाही. बरं, कापताना नाही कळलं तर जोडताना तरी कळावं! तिने चुचकारून, ओढून-ताणून ती बाही खांद्याला बसवलीसुद्धा, वर इस्त्री फिरवली.

साहेब गेल्यावर तिने बाही उसवली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मग स्टुलावर बसून बराच वेळ ती तिच्याकडे पाहत राहिली. तिला दिवस राहून दोन महिने झाले होते. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, चौतिसाव्या वर्षी. हे फक्त नवऱ्याला आणि सासूबाईंना माहीत होतं, म्हणजे नवरा पोस्टमन असूनही ही एक बातमी त्याने कुठे टाकली नव्हती. हल्ली तिला बसल्या जागी डुलकी लागायची. खिडकीजवळ सगळे घामाने भिजत असताना तिला शाल लागायची. फणीत केसांचा पुंजका यायचा. सासूबाई म्हणायच्या, "होतं असं. पोटुशी बाईला काय काय होतं. मला तर साबण खावासा वाटायचा."

पण साबण खावासा वाटणं वेगळं आणि डावा-उजवा न कळणं वेगळं. टाचणीने दवाखाना गाठला.

*

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि दोन दिवसांनी सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना म्हणजे टाचणीला. पण सासूबाई आणि पोस्टमन दोघंही आले, कारण या घरात एकटं कुणी काही ऐकत नाही.

"थायरॉइड कमी पडतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आकडा नऊ आलाय."

"नऊ म्हणजे कमी?" पोस्टमनने विचारलं.

"नऊ म्हणजे जास्त. अडीच-तीनच्या आत हवा."

"मग थायरॉइड जास्त झालं ना?"

"नाही, कमी झालं."

"पण आकडा जास्त आहे."

"आकडा जास्त म्हणजेच थायरॉइड कमी."

पोस्टमनने टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे पत्ता एका घराचा आणि पत्र दुसऱ्या घरचं."

डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पुन्हा सुरुवात केली. गळ्यात एक ग्रंथी असते, ती थायरॉइड बनवते. तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी एक ग्रंथी मेंदूखाली असते. गळ्यातली सुस्तावली की वरची तिला हाका मारते. तरी काम होईना तर आणखी मोठ्याने हाका मारते. हा आकडा त्या हाकांचा.

सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांची तीस वर्षं टेलिफोन कचेरीत गेली होती. कानाला यंत्र लावून इकडची तार तिकडे जोडण्यात. "कळलं! पलीकडच्याला ऐकू येत नसलं की आपण हॅलो हॅलो करून ओरडतो, तसंच. अगं, माझं आयुष्य गेलं यात. आणि घरी हा." त्यांनी पोस्टमनकडे बोट केलं. "याचा आकडा काढला तर नव्वद येईल."

सगळे हसले. टाचणी हसली नाही. तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ओठ तसेच मिटलेले होते. तिने विचारलं, "बाळाला काही होतं का यानं?"

"पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी तयार नसते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोवर ते आईच्याच थायरॉइडवर चालतं. त्याच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. म्हणून गोळी आजपासून सुरू करायची, रोज सकाळी उपाशीपोटी, आणि चुकवायची नाही. घाबरायचं मात्र काही कारण नाही. गोळी नीट घेतली की मुलं अगदी छान होतात, मी कितीतरी पाहिली आहेत."

एवढं सगळं बोलणं झालं, पण टाचणीच्या कानात एकच शब्द राहिला: मेंदू. बाकीचे शब्द दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सांडले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी घेतली आणि गळ्यातली टेप गळ्याभोवतीच आवळून माप घेतलं. साडेतेरा इंच. आठवडाभर रोज घेतलं. साडेतेरा. न दुखतं, न सुजतं, न वाढतं, न घटतं, आणि तरी बिघडलेलं. कापडात असा दोष तिने कधी पाहिला नव्हता. कापडाचा दोष उजेडात धरला की दिसतो.

मग तिने दुसरा उपाय केला. कापायच्या टेबलावर शिवणाच्या खडूने उभी रेघ मारली. डावीकडे "गळा" लिहिलं, उजवीकडे "बाळ". आता जे जे होतंय ते कुणाचं, हे एकदा ठरवून टाकायचं. थंडी वाजणं गळ्याच्या बाजूला गेलं. मळमळ बाळाच्या. झोप आधी बाळाच्या बाजूला लिहिली. मग डॉक्टरबाईंचं आठवलं म्हणून पुसून गळ्याकडे नेली. मग सासूबाई म्हणाल्या, "मी तर उभ्या उभ्या झोपायचे, माझा गळा ठणठणीत होता," म्हणून परत उजवीकडे आली. पोट साफ न होणं दोन्हीकडे लिहावं लागलं. विसरण्याचं काय करायचं ते ठरवायचं ती विसरली. चार दिवसांनी एका पडद्याचं कापड त्या टेबलावर पसरलं गेलं आणि खडूची सगळी वाटणी पडद्याच्या मागच्या बाजूला उमटली. ज्या घरी तो पडदा गेला, त्या घरात आजही उन्हात बघितलं तर एका चुणीवर "गळा" वाचता येतं.

बटणवाली रोज दुकान उघडायच्या आधी डोकावायची. तिचं दुकान शेजारीच; बटणं, चेन, लेस, आणि सगळ्यांची खबरबात. टाचणीला दिवस गेल्याचंही तिला एव्हाना कळलं होतं.

"काय गं, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. जुळी आहेत का?"

"नाही."

"मग?"

"हं," टाचणी म्हणाली आणि टाचण्या तोंडात धरल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत जुळी झाली.

चार आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा तीन. डॉक्टरबाई खूष झाल्या. पोस्टमनला खूष व्हायचं की नाही हे कळेना, कारण आकडा कमी झाला होता आणि त्याच्या हिशेबी कमी म्हणजे वाईट. "कमी झाला म्हणजे वाढलं ना?" त्याने दोनदा विचारून घेतलं. डॉक्टरबाईंनी गोळी तीच ठेवली, शिवाय आता तिसरा महिना संपला म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी जोडली, आणि एक छापील कागद दिला. कुठली गोळी केव्हा घ्यायची, सगळं त्यावर होतं. "घरी जाऊन नीट वाच," त्या म्हणाल्या. "हं," टाचणी म्हणाली.

आता हा कागद जाड होता, गुळगुळीत होता, आणि मागून कोरा होता. शिंप्याच्या हातात असा कागद देणं म्हणजे मांजराच्या ताब्यात दूध देणं. त्या दिवशी टाचणीचं मन पहिल्यांदा हलकं झालं होतं. आकडा तीन होता. दुकानात पांढऱ्या मऊ कापडाचा तुकडा उरलेला होता. तिला वाटलं, आता हरकत नाही, बाळाचं पहिलं झबलं कापायला घ्यावं. गळ्याचा नमुना काढायला तिने हाताला लागला तो कागद घेतला, पालथा ठेवला, वाटीने गोल आखला आणि कात्री चालवली.

*

गोळ्यांची व्यवस्था तिने स्वतःच्या पद्धतीने लावली. मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या बॉबिन ठेवायची तिची एक चपटी डबी होती, सात खणांची. ती धुऊन-पुसून तिने दर दिवसाला एक खण दिला आणि प्रत्येक खणात तीन गोळ्या ठेवल्या: एक इवलीशी, एक विटकरी, एक खडूसारखी मोठी. सकाळी उठलं की एक पेला पाणी आणि तिन्ही एकदम.

यात आळस नव्हता. टाचणीच्या धंद्याचा तो पहिला नियम होता. पांढरा दोरा ओवला की पांढऱ्याची सगळी कामं एका बैठकीत. आधी पांढरा, मग काळा, मग पुन्हा पांढरा असं जो करतो त्याचा दिवस सुई ओवण्यातच जातो. तिच्या गुरूने हे तिच्या डोक्यात पट्टीने ठोकून बसवलं होतं. गोळ्या तर सगळ्या एकाच बाळाच्या. मग एकच बैठक.

सोळाव्या आठवड्यात आकडा आठ आला.

"गोळी घेतेस ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हं."

"रोज?"

"हं."

"उपाशीपोटी?"

"हं."

डॉक्टरबाईंनी गोळी वाढवून दिली. विसाव्या आठवड्यात आकडा साडेसात.

आता घरात ज्याचं त्याचं शास्त्र सुरू झालं. पोस्टमन म्हणाला, रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. त्याच्या खात्यात तर रोज होते. सासूबाईंचा संशय कोबीवर होता. त्यांनी कोबी बंद केला, मग फ्लॉवर, मग कुठेतरी ऐकलं म्हणून मुळा, आणि शेवटी भाजीवाल्याने विचारलं, "आजी, माझ्यावर काही राग आहे का?" बटणवालीने तर निकालच दिला. "गोळ्याच बाधतायत तुला. बघ ना, गोळी वाढवली तरी आकडा तिथल्या तिथेच. माझ्या मावसनणंदेने सगळ्या गोळ्या फेकून दिल्या आणि आज ती डोंगर चढते."

"तिला थायरॉइड होतं?"

"गुडघे होते. पण गोळ्या त्या गोळ्याच."

टाचणीने तिला हसून घालवलं, पण ते बोलणं कापडात सुई राहावी तसं मनात राहिलं. नुसती छोटी गोळी होती तेव्हा आकडा तीन. गोळ्या तीन झाल्या तेव्हा आकडा आठ. छोटी आणखी वाढवली, तरी साडेसात. मग वाढवून काय मिळवलं? शिवताना चुणी पडायला लागली की आपण दोरा आवळत जातो का? सैल सोडतो. डॉक्टरबाई हुशार खऱ्या, पण त्यांनी कधी मशीन चालवलंय?

दुकानात बसली की तिची नजर खिळ्यावरच्या बाहीकडे जायची. चांगलं कापड, सरळ टाके, नीट इस्त्री, आणि तरी उलटी. बाहेरून बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही, हात घातल्यावर कळतं. पोटावर हात ठेवून ती विचार करत बसायची: हे आतलं कोण शिवतंय? मीच ना? आणि मला तर हल्ली कागद उलटायचंही भान नसतं. कोट उसवता येतो. ती सासूबाईंना हे सांगायला गेली तर त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलतेस!" आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे बराच वेळ नळ चालू होता, भांडं मात्र एकही वाजलं नाही.

*

त्या सोमवारी तिने गोळ्या घेतल्या नाहीत.

म्हणजे फेकल्या नाहीत, पण घेतल्याही नाहीत. सकाळी सोमवारचा खण उघडला, तीन गोळ्यांकडे पाहिलं, डबी बंद केली आणि तशीच उपाशीपोटी दुकानात आली. डबी मशीनच्या बाजूला ठेवली. वाटलं, विचार करून ठरवू. विचार असा होता: घ्यावी तर आकडा वाढतो, न घ्यावी तर मेंदू. यापुढे तो जात नव्हता, तिथेच गोल फिरत होता.

इतक्यात दवाखान्यातली नर्सबाई आली, हातात गणवेश. काखेतली शिवण उसवली होती.

"दहा मिनिटांत होईल का गं? साडेनऊला हजर व्हायचंय. तोवर ही बॉबिन बघू..." असं म्हणत तिने सहज डबी उघडली. "अगं बाई! या बॉबिना नाहीत."

"गोळ्या आहेत," टाचणी म्हणाली. आणि का कोण जाणे, तिला आपल्या व्यवस्थेचा अभिमानही वाटला. "दिवसाला एक खण. सकाळी तिन्ही एकदम. पेला एकच लागतो."

नर्सबाईने डबी हळूच खाली ठेवली, जणू ती फुटेल. "तिन्ही एकदम?"

"एका बैठकीत."

"किती दिवस?"

"लोह सुरू झालं तेव्हापासून. आठ आठवडे."

"अगं, लोह आणि कॅल्शियम त्या छोट्या गोळीला पोटातच धरून ठेवतात! रक्तात जाऊ देत नाहीत. चार तासांचं अंतर ठेवायचं असतं. तुला कागद नव्हता का दिला? मीच छापून आणलेत ते, सगळं स्पष्ट लिहिलंय."

"कागद..." टाचणी म्हणाली आणि तिची नजर भिंतीकडे गेली.

खिळ्यावर, डाव्या बाहीच्या शेजारी, एवढासा नमुना लटकत होता. झबल्याच्या गळ्याचा. नर्सबाईने तो काढला, पालथा केला आणि खिडकीशी जाऊन वाचायला लागली. "थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर... मग लोह व कॅल्शियम... इथे भोक आहे... चार तासांनी... पुन्हा भोक... एकत्र घेऊ नये." तिने त्या गोल भोकातून टाचणीकडे पाहिलं. "काय गं हे? तू सूचनांचा गळा कापलास!"

ती हसायला लागली, पण टाचणीचा चेहरा बघून मध्येच थांबली.

"म्हणजे आठ आठवडे त्याला काही मिळालंच नाही?" टाचणी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की तोंडात टाचण्या असत्या तरी याहून मोठा आला असता. "माझ्यामुळे?"

"काही नाही असं नाही. कमी मिळालं. आणि सुरुवातीला आकडा उतरला होता ना? तेव्हा एकटीच गोळी घेत होतीस."

"पण आठ आठवडे. त्याचं काय? ते उसवून परत..."

नर्सबाई स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "ते मी कशी सांगू? मी नर्स आहे, ज्योतिषी नाही. डॉक्टरबाईंना विचार, आजच, माझ्याबरोबरच चल. पण आधी सांग, आज घेतल्यास?"

"नाही."

"चहा?"

"नाही."

"मग ही छोटी तेवढी घे. माझ्या देखत. आणि या विटकरीला हात लावलास तर बघ."

टाचणीने छोटी गोळी घेतली. मग काय करावं ते न सुचून नर्सबाईचा गणवेश मशीनखाली घेतला, कारण तो शिवायचा होता आणि हाताला काहीतरी हवंच होतं. दोन वितींची शिवण घातली आणि कापड उलटं केलं. खालच्या बाजूला दोऱ्याची भेंडोळी लोंबत होती. सवयीने तिचा हात वरच्या दोऱ्याचा ताण बदलणाऱ्या खिट्टीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

खाली गुंता दिसला की दोष वरच्या दोऱ्यात बघायचा. हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं. नवी पोरगी खालची बॉबिनच काढत-घालत बसते, आणि दिसतं एकीकडे, असतं दुसरीकडे, हे तिला कळायला महिना लागतो. तिला लागले होते तीन.

"आकडा वरचा आहे," ती मोठ्याने म्हणाली, "आणि बिघाड खालचा."

"डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं असेल हे," नर्सबाई म्हणाली.

"सांगितलं होतं. पण मशीनवर नव्हतं ना सांगितलं."

*

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, भोकाचा कागद पाहिला, आणि रागावण्याऐवजी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी गोळी घेतेस का एवढंच विचारत राहिले. कशाबरोबर घेतेस हे विचारलंच नाही. आणि तू काय, हं हं."

"बाळाचा मेंदू?" टाचणीने विचारलं. यावेळी तिने "हं" केलं नाही.

"तुझी सोनोग्राफी मागच्या आठवड्यात चांगली आली आहे. वाढ वेळेवर आहे. पहिले महिने, जेव्हा सगळं तुझ्यावरच होतं, तेव्हा आकडा खाली आला होता. काळजीचं कारण मला दिसत नाही. खात्रीचा शिक्का मी कुणाच्याच बाळाबद्दल मारून देत नाही, तुझ्याही नाही."

टाचणी तो "दिसत नाही" घेऊन घरी आली. तो तिला कधी धीराचा वाटायचा, कधी भीतीचा. तेच कापड, सकाळच्या उजेडात एक रंग आणि दुपारी दुसरा.

घरात मात्र कडक कारभार सुरू झाला. सासूबाईंनी टेलिफोन कचेरीतली तीस वर्षं परत काढली. छोटी गोळी उठल्याबरोबर त्यांच्या हातून. दुपारच्या जेवणानंतर दुकानातला फोन वाजायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी पलीकडून आवाज यायचा, "हॅलो! लोह!" आणि खट. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी पुन्हा, "हॅलो! चुना!" कॅल्शियम म्हणायचा त्यांना कंटाळा होता. एकदा चुकून हा फोन बटणवालीने उचलला. "कसला चुना? कुणाला लावला?" असं तिने विचारलं, आणि पुढचे तीन दिवस गल्लीत भलतंच काही शिजत होतं.

चोविसाव्या आठवड्यात आकडा दोन आला. पोस्टमनने यावेळी कुणाला न विचारता पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली, दारोदारी, पत्रांबरोबर. "दोन आला, दोन!" ज्यांना जुळ्यांची बातमी आधीच पोचली होती त्यांनी मान डोलावली. आता पोस्टमनच सांगतोय म्हटल्यावर शंकाच नको.

टाचणीने त्या दिवशी अर्धवट राहिलेलं झबलं पुरं केलं. गळ्याचा नमुना तोच वापरला. बाह्या कापताना कागद उलटला, मग परत सुलटा करून पाहिला, पुन्हा उलटला, दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, सासूबाईंना दाखवले, पोस्टमनला दाखवले. एवढ्या तपासणीनंतर झालेली बाही बोटभर लांबीची होती.

पुढे दर तपासणीला तिचं पोट वाढत होतं आणि विचार तिथल्या तिथेच होता. बाळ लाथ मारी तेव्हा वाटायचं, हुशार आहे. दिवसभर शांत राही तेव्हा वाटायचं, हे त्या आठ आठवड्यांमुळेच. सासूबाई म्हणायच्या, "अगं, झोपलं असेल! तूही झोपतेसच की." त्यावर तिला हसू यायचं, पण पोटावरचा हात ती काढायची नाही.

मुलगी झाली. दिवस भरून, भर दुपारी, गल्ली ऐकेल असा आवाज घेऊन. सासूबाई म्हणाल्या, "लाइन स्पष्ट आहे." नर्सबाईने बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन थेंब कागदावर घेतले, थायरॉइड बघायला. तो निकाल यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत टाचणी बाळाची दहा बोटं इतक्या वेळा मोजत होती, की पोस्टमनला वाटलं आकडा बोटांवरच येतो. सहाव्या दिवशी नर्सबाई स्वतः घरी आली, दारातूनच म्हणाली, "चांगला आहे. अगदी चांगला," आणि मगच चपला काढल्या. टाचणीने पहिल्यांदा ते बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं आणि सलग तीन तास झोपली.

दोन आठवड्यांनी बटणवाली बघायला आली. टाचणी बाळाला घेऊन दुकानात, मशीनपाशी बसली होती. काम करायला नव्हे, नुसती. खिळ्यावर ती डावी बाही अजून होती, पण आता तिचं खालचं तोंड शिवलेलं होतं आणि आत बाळाचे लंगोट कोंबलेले होते. बटणवालीने आधी बाहीकडे पाहिलं, मग बाळाच्या झबल्याकडे, मग इकडे तिकडे दुसरं बाळ शोधलं, आणि दाराबाहेर दोन-चार जण ऐकतायत याची खात्री करून घेऊन म्हणाली, "काय गं, नीट बघितलंस ना? हिचे तरी दोन्ही हात डावे नाहीत ना?"

टाचणीने झबल्याच्या दोन्ही बाह्या वर सरकवल्या आणि बाळाचे हात तिच्यासमोर धरले.

"मोजून घे. एक डावा, एक उजवा. आणि दोन्ही जोडले तरी तुझ्या जिभेपेक्षा आखूड आहेत."